गुडघ्यातला नाडा

बैलानं लाथ मारली, असं मी घरी सांगितलं. बैलानं लाथ मारलेली नव्हती.

माझ्या नावावर चुका पुष्कळ आहेत. एकदा मी भलत्याच लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवलो, वर नवरदेवाच्या मामाला मिठी मारून आलो. एकदा परीक्षेला भूगोलाचा पेपर समजून इतिहासाचा लिहिला आणि पासही झालो. या गोष्टी मी चारचौघांत सांगतो, लोक पोट धरून हसतात. बैलाची गोष्ट मात्र एकदाच सांगून पाहिली. ऐकणाऱ्यांतला एकही हसला नाही, चहासुद्धा तसाच राहिला. म्हणून ही लिहून काढतो. कागद तोंड वाकडं करत नाही.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं लांब कुठं लढाई चालू होती. आमचं शेत तीर्थपुरीपासून कोसभर. शेतात विहीर, विहिरीवर मोट. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कातड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची, ती जाड दोराला, म्हणजे नाड्याला बांधलेली. नाड्याचं दुसरं टोक बैलांच्या जुवाला. विहिरीपासून उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालले की भरलेली मोट वर येते, पाणी पाटात पडतं. मग बैलांनी तोंड न फिरवता, पाठमोऱ्यानं पुन्हा वर चढायचं. दिवसभर पुढं उतरायचं, मागं चढायचं. बैल खाली जाताना हाकणारा नाड्यावर बसतो. त्याच्या वजनानं बैलांना मदत होते आणि त्याचे पायही वाचतात.

बसतो, हे लक्षात ठेवा. उभा राहत नाही.

मी जालन्याच्या शाळेतून सुटीला आलो होतो आणि पायांत बूट होते. आमच्या गावात बूट घालणारा मी दुसरा. पहिला पोलीस पाटील, आणि तोही फक्त तहसीलदार येणार असला तरच. त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजाराला गेलेले. गडी बांधावर भाकर खायला बसला. मी म्हटलं, तू खा निवांत, मोट मी हाकतो. दोन फेऱ्या बसून केल्या. तिसऱ्या फेरीला वाटलं, बसून तर सगळेच हाकतात. मी नाड्यावर उभा राहिलो. बूट घालून, दोन्ही हात पसरून. जालन्यात सर्कशीतल्या पोरीला तारेवरून चालताना पाहिलं होतं. तिच्या पायांत बूट नव्हते, ही गोष्ट मला नंतर आठवली.

पाहायला कोणी नव्हतं, हे विशेष. गडी झाडाआड होता. लांब कांद्याच्या वाफ्यात आमची एक म्हातारी चुलती पाठ करून पाणी वळवत होती. कोणासाठी उभा राहिलो होतो, देव जाणे.

बुटाची टाच सटकली. उजवा पाय धावेच्या कडेला दोन दगडांत गच्च बसला आणि बाकीचा मी गरकन फिरलो. गुडघ्यातून टक असा आवाज आला, वाळकं चिपाड मोडावं तसा. मी नाड्याखाली आडवा पडलो. बैल आणखी चार पावलं गेले असते तर नाड्यानं मला फरफटत नेलं असतं. घाबरून मागं आले असते तर माझ्यावरच आले असते.

पण डावीकडचा तांबडा थांबला. आपणहून. वर विहिरीच्या तोंडाशी भरलेली मोट लटकत होती, तिचं सगळं वजन जुवावर, आणि हा चारी पाय रोवून उभा. उजवीकडच्या पांढऱ्यालाही त्यानं हलू दिलं नाही. मी कोपरांवर सरपटत बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा होता. त्याच्या मांडीचं कातडं थरथरताना मी खालून पाहिलंय.

लांबून चुलती ओरडली, "पानी काहून थांबलं रं?"

तिची हाक ऐकून गडी धावत आला. "काय झालं?"

मी म्हणालो, "तांबड्यानं लाथ मारली."

का म्हणालो? आज मला कारण विचाराल तर हेच सांगेन, की ते वाक्य तोंडाजवळ पडलेलं होतं आणि खरं वाक्य लांब होतं. नाड्यावर उभं राहून सर्कस केली असं सांगितलं असतं तर गावात जन्मभर हसू झालं असतं. आणि बैल काय, तो थोडाच साक्ष देणार होता!

तांबडा अण्णांनी हातानं वाढवलेला. त्याची आई तो चार दिवसांचा असताना गेली. अण्णा फडक्याची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात धरायचे. माय म्हणायची, "ह्यान्ला दोन लेकरं. एक सांगितल्यालं ऐकतंय, एक जालन्याला शिकून राह्यलंय."

अण्णा बाजारातून आले. माझा गुडघा कोहळ्याएवढा झाला होता. त्यांनी तो पाहिला, मग गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. माय सांगते, ते तांबड्याला मारायला काठी घेऊन गेले होते आणि काठी तशीच घेऊन परत आले. पुढच्या बाजारी त्यांनी तांबड्याला मंठ्याला नेलं आणि एका व्यापाऱ्याला विकलं. ज्यानं घरातल्या माणसावर पाय उचलला तो बैल दारात ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. दुसरी रीत अशी, की जनावर विकलं तरी त्याचं दावं विकायचं नाही. व्यापारी आपला दोर आणतो, आपलं दावं घरी परत येतं. संध्याकाळी अण्णा दावं खांद्यावर टाकून आले आणि ते गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

तो बाजाराचा दिवस येईपर्यंत मी खाटेवर पडून होतो. रोज ठरवायचो, आज सांगतो. सकाळी वाटायचं, न्याहारी होऊ द्या. न्याहारी झाली की वाटायचं, आत्ता ते कामात आहेत. तांबडा दारातून बाहेर निघाला तेव्हा मी खिडकीतून हाकसुद्धा मारली, "अण्णा!" ते वळले. "काय रं?" मी म्हणालो, "येताना पेढे आणा." ते वाक्य आजही माझ्या तोंडात कडू लागतं.

शेजारच्या गावच्या हाडवैद्यानं पाला बांधला, तेल चोळलं, सूज उतरली. पण गुडघा काही माझा राहिला नाही. सरळ चालता चालता एकदम आतून सुटायचा, जिना चढताना एक पायरी कमी निघावी तसा. मी धपकन खाली. तीन-चार महिन्यांत मी गावातल्या प्रत्येक ओट्यासमोर पडून दाखवलं. शेवटी अण्णांनी गाडी जुंपली, पांढऱ्याच्या जोडीला मागून आणलेला बैल लावला आणि मला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, मायही बरोबर आली. तिथले मोठे डॉक्टर विलायतेत शिकून आले होते.

डॉक्टरांनी मला उताणं निजवलं, गुडघा वाकवला आणि नडगी दोन्ही हातांनी धरून पुढं ओढली. टेबलाचा खण बाहेर यावा तशी ती पुढं सरकली. मी ओरडलो. अण्णा वाकून पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "मांडीचं हाड आणि नडगी, दोन्हींना आत एक पट्टा बांधून ठेवतो. तो तुटलाय."

"म्हंजी नाडा तुटला म्हना की," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांना नाडा काय ते विचारून घ्यावं लागलं. कळल्यावर ते खूश झाले. "बरोबर. नाडाच."

"मंग नवा कुठून आनता?"

"याच्याच मांडीतून. स्नायूवर पांढरं, चिवट आवरण असतं. त्याची लांब पट्टी काढायची, दोन्ही हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवायची आणि ओढून टाके घालायचे."

अण्णांनी मान डोलावली. आयुष्यभर दोर वळलेला माणूस, त्यांना सगळं लगेच कळलं. "ताजा हाय तवर वढून बांधा," ते म्हणाले. "सुकला की आटतो."

डॉक्टर हसले. मग हात धूत धूत त्यांनी सहज विचारलं, "झालं कसं हे?"

"बैलानं लाथ मारली."

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याकडं पुन्हा पाहिलं. "लाथ? लाथेनं असं व्हायचं कमी. पाय कुठंतरी अडकला आणि अंग फिरलं, की हा पट्टा तुटतो."

मी भिंतीवरची पाल पाहू लागलो. चांगली मोठी पाल होती.

अण्णा म्हणाले, "न्हाई साहेब, लाथच. लेकरू कशाला खोटं सांगंल?"

ती पाल मला अजून आठवते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी इतका भेदरलो होतो, की डॉक्टरांनी अण्णांना माझ्या उशाशी बसायची परवानगी दिली, मला झोप लागेपर्यंतच. खोलीत पांढऱ्या भिंती, उकळत्या पाण्याची वाफ आणि फडक्याखाली झाकलेली हत्यारं. दवाखान्यात पट्ट्या बांधणारे एक म्हातारे चाचा होते, जालन्याचेच, घरी उर्दू बोलणारे. त्यांनी माझ्या नाकावर जाळी धरली, तिच्यावर कापड, कापडावर क्लोरोफॉर्मचे थेंब. "गिनो बेटा," ते म्हणाले. गोड, कुजकट असा वास आला. अण्णांचा खरबरीत हात कपाळावर होता. मी मोजायला लागलो.

डोळे उघडले तेव्हा मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत पाय प्लास्टरमध्ये होता. मी आधी ओकलो आणि मग अण्णा कुठं म्हणून विचारलं. माय उशाशी होती.

"गेले," ती म्हणाली.

"कुठं?"

"मला काय सांगून गेले? तुला आत नेलं, आन् थोड्या टायमानं ते भायेर आले. पागोटं खोलीतच इसरले. म्हन्ले, घरला जाऊन दावं घेतो आन् तसाच पुढं जातो."

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "अण्णा रक्ताला भ्याले. एवढा मोट हाकणारा माणूस, चाकू बघून पळाला!" शेजारच्या खाटांवरच्यांनाही सांगितलं. दोन दिवस मी हा विनोद चालवला. दावं कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायचं टाळण्यात मी तोवर तरबेज झालो होतो.

तिसऱ्या दिवशी चाचा मांडीवरची पट्टी बदलायला आले. नव्या नाड्यासाठी आवरण काढलं त्या ठिकाणी बाजूनं लांब जखम होती, तिच्यासाठी प्लास्टरला खिडकी ठेवलेली. मला कुतूहल. आपल्याला कापतात आणि आपणच हजर नसतो, हे मला पटत नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, आत काय काय केलं ते सगळं सांगा."

चाचांना सांगायची हौस होती. "पहले डाक्टर साब गुडघा खोले. अंदर देखे तो पुराना पट्टा, जैसे भीगी हुई सुतली, दो टुकडे. वो साफ करके निकाल दिए. फिर मांडी खोले, ये इत्ती लंबी सफेद पट्टी काटे, चमकती थी रेशम के माफिक. नीचे से पूरी नहीं तोडे, गुडघे के पास जुडी रखे. फिर हाथ का बरमा लेके हड्डी में सुराख. वैसाच, जैसा सुतार करता. मांडी की हड्डी में एक, नडगी में एक. पट्टी के सिरे कू तार बांधे, सुराख में से ओढके इधर से उधर निकाले. पाव थोडा मोडके पकडने का काम मेरे कू. साब खींचे, हिलाके देखे, फिर खींचे, तब टाके मारे. बाद में कपास, और प्लास्टर."

"आणि मी?"

"तुम तो मुर्दे के माफिक पडे थे."

"मोजलं किती मी?"

चाचा पट्टी गुंडाळायला लागले. "सात तक बराबर गिने."

"मग आठ म्हणालो नाही?"

"सात के बाद आठ नहीं आया, मियाँ. बैल आया."

मी उशीवरून मान उचलली.

"तुम बोले, 'अण्णा, तांबड्यानं नाही मारलं. मी नाड्यावर उभा होतो. तो थांबला म्हणून मी वाचलो.' तीन बार बोले. चौथी बार जबान जड हो गई." चाचांनी गाठ मारली. "तुम्हारे वालिद उठे. फिर मेरे कू पूछे, इस नशे में आदमी झूट बोलता क्या? मैं बोला, नहीं भाई, इस दवा के बाद झूट बोलने की ताकत नहीं रहती. बस, निकल गए."

चार महिने जे वाक्य मला उचलता आलं नाही ते मी बेशुद्धीत, अण्णांच्या हाताखाली, तीनदा बोललो होतो. त्यातही माझी काही कर्तबगारी नव्हती. ते क्लोरोफॉर्मनं केलं.

मग मी वाट पाहू लागलो. दवाखान्यात दुसरं काम तरी काय असतं? माय मागच्या पडवीत चूल पेटवून पिठलं-भाकरी करून आणायची, मी निम्मी टाकायचो. प्लास्टरखाली खाज सुटायची. चाचा म्हणायचे, खाज सुटली म्हणजे आत जुळतंय. मी मनात हिशेब मांडायचो. मंठ्याचा व्यापारी ओळखीचा आहे. बैल चांगला आहे. मोटेवर शिकलेला बैल कोणीही शेतकरी घेईल, इथंच कुठल्या तरी विहिरीवर असेल. अण्णा त्याला घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी येतील. मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. चांगलं भाषण होतं, शाळेत बक्षीस मिळालं असतं.

पंधरा-सोळा दिवसांनी अण्णा आले. गुडघ्यापर्यंत धूळ, पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला, खांद्यावर दावं. एवढंच. ते खाटेच्या कडेला बसले. मायनं पाणी दिलं, ते प्यायले. माझ्याकडं न बघता, मायला सांगावं तसं सांगू लागले.

"मंठ्याच्या यापाऱ्याकडं गेल्तो. त्यो म्हन्ला, मारका म्हनून तुमीच इकला, मारका बैल शेतकरी कोन घेतो? त्यानं पुढं पलटनीच्या खाटकाला जनावरं पुरवनाऱ्या दुसऱ्या यापाऱ्याला देला. त्याला हुडकला. त्यानं बदनापूरच्या टेसनावरून डब्यात भरून पाठिवला. लई दिस झाले म्हनं."

"कुठं पाठिवला?" मायनं विचारलं.

"टेसनावरच्या हमालाला इचारलं. त्यानं रुळाकडं बोट केलं. म्हन्ला, हिकडं."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हायचा थांबला.

"हमालाला त्यो याद व्हता," अण्णा म्हणाले. "बाकीचे बैल फळीवरून चढले. ह्यो चढंना. लई मारला म्हनं त्याला. पुढं पाऊल टाकीना. मंग एका जनानं त्याला फिरिवला, डब्याकडं पाठ केली." अण्णांनी दाव्याचा पीळ अंगठ्यानं चाचपला. "आन् 'मागं रं' म्हन्ला. तसा गेला. पाठमोरा, आपल्या आपन. धाव समजला आसंल."

मी ठरवलेलं भाषण आठवायचा प्रयत्न केला. तोंडातून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. अण्णा उठले, खोलीत विसरलेलं पागोटं चाचांकडून मागून घेतलं, आणि गावी गेले.

पुढं यथावकाश प्लास्टर कापलं. पाय वाळक्या फांदीसारखा बारीक झाला होता, गुडघा लाकूड. तो रोज थोडा थोडा वाकवायचा. चाचा टाच धरून दाबायचे, मी ओरडायचो, ते म्हणायचे, "और थोडा, नया माल है, टूटता नहीं." तो तुटला नाही. डॉक्टरांनी पुन्हा नडगी ओढून पाहिली, ती जागची हलली नाही. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला सगळ्या दवाखान्यात चालवून दाखवलं. मी चाललो. लोक बघत होते. नाड्यावर उभं राहताना मला जे हवं होतं ते असं मिळालं.

घरी आलो तेव्हा मोट बंद होती. पांढरा गाडीला चालायचा, पण मोटेला दुसऱ्या कोणाबरोबर चालेना. दुसरा बैल लावला, की हा धावेवर खाली जायचा आणि मागं चढायच्या वेळी डावीकडं मान वळवून उभा राहायचा. तांबडा चढायला लागल्याशिवाय चढायचं नाही, एवढंच त्याला माहीत. वाफ्यातला कांदा वाळून गेला होता. चुलती आता ओरडत नव्हती. पाणी का थांबलं ते तिला माहीत झालं होतं. सगळ्या गावाला झालं होतं. आणि कोणी हसलं नव्हतं, बघा. ज्या हसण्याला भिऊन मी एवढं केलं, ते कोणी हसलंच नाही.

अण्णा विहिरीच्या काठावर दोर वळत बसले होते. दवाखान्यातून निघून गेल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नव्हते. मी चालत त्यांच्यापर्यंत गेलो, न लंगडता, त्यांनी पाहावं म्हणून मुद्दाम धावेच्या उतारावरून. त्यांनी गुडघ्याकडं पाहिलं. डॉक्टरांचं काम त्यांना पसंत पडलं होतं, तेवढं दिसलं.

मला त्यांच्या पायांवर पडायचं होतं. पण गुडघा अजून तेवढा वाकत नव्हता, आणि मला वाकडं बोलायची खोड. मी म्हणालो, "अण्णा, नवा नाडा पक्का झालाय. आता तांबड्याच्या जागी मलाच जुंपा."

अण्णांनी हातातला पीळ पुरा केला, गाठ मारली, आणि तोंड वर न करता म्हणाले, "मारकं जनावर मी जुपीत नसतो."